बारा घरं, अकरा बोअर आणि एक विहीर

आमच्या गल्लीत बारा घरं आहेत आणि अकरा बोअर. बाराव्या घराला विहीर पुरायची. अकरापैकी एक बोअर आमचा आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी लोकांबद्दल बरंच चिडून लिहिणार आहे, तेव्हा मध्येच कुणी विचारायला नको की बाई, तुमचं काय.

मी शाळेत भूगोल शिकवते. आम्ही बदनापूरला राहतो. नवरा रोज रेल्वेनं जालन्याला ऑफिसात जातो, मी बसनं एका खेड्यावरच्या शाळेत. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमची गल्ली पूर्वी शेत होती. शेत विकलं गेलं, प्लॉट पडले, आणि शेताच्या कोपऱ्यातली दगडी बांधणीची विहीर नकाशावर ‘मोकळी जागा’ म्हणून उरली. आम्ही राहायला आलो तेव्हा सगळ्या घरांना पाणी त्या विहिरीचंच होतं. प्रत्येकाची छोटी मोटार, प्रत्येकाचा काळा पाईप. निम्म्यापर्यंत उतरायला पायऱ्या होत्या. लाईट गेली की बायका त्या पायऱ्यांवरून कळशा भरत.

विहिरीला लागून सिस्टरचं घर. परतूरकडच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेला होता, मुलगी सासरी. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. विहीर कुणी त्यांच्याकडं सोपवली नव्हती, पण साफसफाई, कठड्याची डागडुजी, पडलेली बादली गळानं काढणं, हे सगळं त्याच बघत. दरवाजे रंगवून उरलेल्या ऑइलपेंटनं त्यांनी विहिरीच्या आतल्या भिंतीवर तीन पट्टे ओढले होते, वरून खाली पांढरा, पिवळा आणि लाल. पाणी लाल पट्ट्याच्या खाली गेलं की मोटार दिवसातून एक तासच लावायची, असा त्यांचा नियम. आश्चर्य म्हणजे काही वर्षं लोकांनी तो पाळला. सिस्टर दारात उभ्या राहून बघत असत, हेही एक कारण असेल.

त्यांना या विहिरीचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझी आई विहिरीपासून धा हात लांब उभी राह्यची मॅडम. कुणी वरून वतलं तर पाणी. न्हाई वतलं तर उभीच. मी लहान होते, तिचा पदर धरून मी बी उभी. इथं मी विहिरीत उतरते, रंग लावते, कुणी काही म्हणत न्हाई.” एवढं बोलून त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

पहिला बोअर कोपऱ्यावरच्या ठेकेदारांनी घेतला. त्यांना वरचा मजला चढवायचा होता. तळहातावर नारळ उभा राहतो तिथं पाणी, असं सांगणारा एक माणूस आला, त्यानं अंगणभर फेऱ्या मारल्या आणि विहिरीपासून पंचवीस पावलांवर थांबला. त्याला तिथं पाणी लागणार हे सांगायला नारळ कशाला हवा होता? पंचवीस पावलांवर भरलेली विहीर दिसत होती! मशीनची गाडी आली, दिवसभर धडधड झाली, गल्लीतल्या सगळ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर दगडाचं पांढरं पीठ बसलं. संध्याकाळी पेढे वाटले.

मी त्यांना समजावायला गेले. आपल्याकडं वरती मुरूम आहे, खाली काळा दगड. पाणी राहतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. विहिरीच्या शेजारी खोल भोक पाडलं की वरच्या थरातलं पाणी त्या भोकात उतरतं. आठवीच्या पोरांना हे फळ्यावर काढून दाखवलं की कळतं. ठेकेदार शांतपणे ऐकून म्हणाले, “मॅडम, विहिरीचं पाणी वरचं. माझं खालचं. दोन्हीचा काही संबंध न्हाई.”

“खालचं पाणी कुठून आलं?”

“खालूनच आलं ना.”

त्यानंतर दरवर्षी एकदोन बोअर. एकानं दोनशे फूट घेतला की शेजाऱ्यानं तीनशे. तीनशेवाला कोरडा पडला की त्यानं पाचशे. मागच्या बाजूनं एक नाला वाहायचा, पावसाळ्यात तोच विहीर भरायचा. कुणीतरी तो मुरूम टाकून बुजवला आणि त्याचे दोन प्लॉट केले. मी आणि सिस्टर अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उलगडला, बोट फिरवलं, आणि म्हणाले की इथं नाला दिसत नाही.

सिस्टर म्हणाल्या, “मंग चला माझ्यासंगं, दाखवते.”

“आता तिथं मुरूम आहे म्हणताय ना?”

“हो.”

“मग नाला कसा दाखवणार?”

बाहेर येऊन आम्ही दोघी रसवंतीच्या बाकावर बसलो. रस मागवायचंही सुचलं नाही.

मी गल्लीची बैठक घेतली. शनिवारी, आमच्या गच्चीवर. बाराही घरांतून कुणी ना कुणी आलं. मी म्हटलं, यापुढं नवा बोअर नको, आणि प्रत्येकानं आपल्या छताचं पाणी पाईपनं विहिरीत सोडायचं. सिस्टरनी स्वतःच्या छताचं कधीच सोडलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. “मॅडम बराबर बोलून राह्यल्या,” असं तीन जण म्हणाले. पोहे संपले. जिना उतरताना एक जण दुसऱ्याला म्हणाला ते मला वरून स्पष्ट ऐकू आलं. “छत माझं, पाईप माझा, अन् पाणी सगळ्यांचं? हे कोणतं गणित?” त्याच महिन्यात त्या दुसऱ्यानं बोअर घेतला. त्यानंतर दोन पावसाळ्यांत सिस्टरचं सोडून एकाही छताला पाईप लागला नाही. आमच्याही नाही. नवरा म्हणायचा, सगळे करतील तेव्हा आपण करू, आणि मी हे ऐकून घेत राहिले. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो नवऱ्यापेक्षा माझ्यावर जास्त.

मग तो फेब्रुवारी आला. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी रजा टाकून पंधरा दिवस परतूरला माहेरी गेले. आईला डोळ्यात थेंब घालायचे, स्वयंपाक करायचा, बाकी रिकामपण. एका सकाळी दुधनेवर जाऊन आले. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरायचो. कोपरभर खोल गेलं की पाणी पाझरायचं, ते वाटीनं हंड्यात भरायचं. गाळायचीसुद्धा गरज नसायची, वाळूनंच गाळलेलं असायचं. आता तिथं वाळू नाही. उघडा दगड, चिकणमाती, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि मशीननं खोदलेले डोहासारखे खड्डे, त्यात हिरवं पाणी. काठावरच्या एका शेतकरी बाईंनी सांगितलं की त्यांच्या विहिरीला जानेवारीतच तळ दिसतो. “वाळू होती तवर पाणी मुरायचं. आता आलं की सरळ पळून जातं,” त्या म्हणाल्या. वाळू कोण नेतं असं विचारल्यावर त्यांनी गावाकडं हात केला. “सगळेच. आमच्या घराला बी तीच लागली.”

माझं डोकं फिरलं. काठावर उभी राहूनच मी नवऱ्याला फोन लावला. नदीची काय दशा केली आहे, लोकांना काही लाज आहे की नाही, असं मी पाचेक मिनिटं बोलत होते. तो नुसतं हं हं करत होता. त्याच्यामागं प्रचंड आवाज येत होता.

“कसला आवाज आहे?”

“रस्त्याचं काम चालू आहे.”

“आज ऑफिसला नाही गेलात?”

“जरा उशिरा जाणार आहे.”

मी विश्वास ठेवला. आईचे थेंब राहिले होते, म्हणून फोन ठेवला.

आठवड्यानं गाडीनं परत आले. फाटक उघडलं तर अंगणातल्या जास्वंदीच्या पानांवर पांढरं पीठ. कोपऱ्यात निळा केसिंग पाईप जमिनीतून हातभर वर आलेला, त्यावर झाकण, झाकणावर कुंकू. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, उजव्या गुडघ्याला पट्टी. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “लागलं बाई पाणी! चारशे साठाला लागलं! दोन इंची धार!”

मी गुडघ्याबद्दल विचारलं तेव्हा सगळं कळलं. मी गेल्यावर चौथ्या दिवशी लाईट गेली होती. टाकी रिकामी. आत्याबाई कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरल्या आणि ओल्या दगडावरून घसरल्या. सिस्टरनी आवाज ऐकला, त्याच खाली उतरल्या, त्यांनीच धरून वर आणलं, पट्टी बांधली. मला काळजी वाटू नये म्हणून कुणी कळवलं नाही. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी मशीनवाल्याला फोन केला.

तो संध्याकाळी आला तेव्हा मी दारातच उभी होते.

“रस्त्याचं काम?” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर तू करू दिलं असतं?”

“नाही.”

“म्हणूनच न्हाई सांगितलं. आई विहिरीत पडली असती, मंग? तुझ्या विहिरीपायी?”

“माझी विहीर? ती गल्लीची आहे.”

“गल्लीला काही पडलीय का? धा घरांनी घेतले बोअर. आपण एकटेच शहाणे?”

“नारळवाला पण बोलावला होता का?”

तो खाली वाकून बुटांची नाडी सोडायला लागला. म्हणजे बोलावला होता. आमच्या लग्नापासून हा माणूस त्या नारळवाल्यांना हसत आलेला.

त्याच्याशी पुढं भांडायला माझ्याकडं शब्द होते, पण आत्याबाईंचा सुजलेला गुडघा समोर होता, आणि लाईट गेल्यावर बोअरही चालत नाही हे सोडलं, तर त्याच्या बोलण्यातलं निम्मं खरं होतं. मी अंगणात गेले. झाकण उचललं आणि पाईपला कान लावला. आत खूप खोलवर पाणी पडत होतं. टप टप नव्हे, बारीक धार लागल्यासारखं, सतत. खालचं पाणी वर चढताना असा आवाज येत नाही. हे वरचं होतं, भेगांतून निसटून आमच्या भोकात उतरणारं. सिस्टरच्या विहिरीकडची बाजू तीच. मी नवऱ्याला हाक मारली, त्यालाही कान लावायला लावला.

“पाणी आहे ना? चांगलंय की,” तो म्हणाला.

“कुणाचं आहे ते?”

त्यानं झाकण घातलं आणि आत गेला.

सिस्टरकडं जायला मी दोन दिवस घेतले. गेले तेव्हा त्या विहिरीच्या कठड्याशी उभ्या होत्या. पाणी लाल पट्ट्याच्या पार खाली, तळचा गाळ दिसत होता. त्यांची मोटार हवा ओढत होती, तो कोरडा घरघर आवाज मला आमच्या दारापासून ऐकू आला होता. मी आत्याबाईंना सांभाळल्याबद्दल आभार मानले. त्या पाण्याकडंच बघत होत्या. मग मी म्हटलं, “सिस्टर, मी इथं नव्हते. मला माहीत नव्हतं.”

“ते मला म्हाईत आहे.”

“आमच्या बोअरचा एक पाईप तुमच्या टाकीला जोडून देते. रोज तुम्हाला लागेल तेवढं पाणी घ्या.”

तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. “म्हंजे तुम्ही वतणार अन् मी घेणार? बटण तुमच्या घरात. तुम्ही लावलं तर पाणी, न्हाई लावलं तर मी उभी. ते मी लहानपणी लई केलं मॅडम. तवा आम्हाला विहीर शिवू देत न्हवते. आता तुम्ही लोकांनी शिवायला विहीरच ठेवली न्हाई.”

‘तुम्ही लोकांनी’ हे शब्द मला लागले. माझ्या मनात आलं, बैठक मी घेतली, अर्ज मी लिहिला, पोहेसुद्धा मीच केले. पण हे तोंडून निघालं असतं तर मला स्वतःलाच ऐकवलं नसतं. मी विचारलं, “मग काय करू?”

“तुमचं छत द्या,” त्या म्हणाल्या. “त्या शनिवारी देते म्हणाल्ता, ते अजून आलं न्हाई.”

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की पावसाळ्याच्या आत आपल्या छताचा पाईप विहिरीला जोडायचा. तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडायची माझी तयारी होती. तो म्हणाला, बरं. बोअर झाल्यापासून माझं प्रत्येक म्हणणं तो ‘बरं’ म्हणून घेत होता, आणि त्यानं मला जास्तच चीड येत होती.

पाईप न्यायचा म्हणजे ठेकेदारांच्या दारासमोरून. त्यांनी तिथं फरशा बसवल्या होत्या. खोदू देणार नाही म्हणाले. मग आम्ही पाईप विजेच्या खांबांपासून लांब, कंपाउंडच्या भिंतींवरून फिरवून नेला, तीन घरांच्या तीन वेगळ्या परवानग्या काढून. एकाला पाईप पांढरा हवा होता, भिंतीला शोभेल असा. पांढरा आणला. विहिरीच्या तोंडाशी पिंपात वाळू आणि खडी भरून गाळणी केली. वाळू कुठून आणायची यावर मी अडून बसले, तेव्हा नवऱ्यानं आमच्याच घराच्या बांधकामातली गच्चीवर उरलेली दोन पोती काढून दिली. हे बघून आणखी दोन घरांनी छतं जोडली. एक बँकेतल्या मॅडमचं, एक रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास चार दिवस लागून पाऊस झाला. चार छतांचं पाणी गाळणीतून विहिरीत पडत होतं आणि गणपती उठेपर्यंत पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलं. किती वर्षांनी! सिस्टरनी मला हाक मारून दाखवलं. आम्हा दोघींचं बोलणं तोवर कामापुरतंच चालू होतं. त्या दिवशी त्यांनी चहा केला.

आणि पंधरा दिवसांत ठेकेदारांचा माणूस विहिरीवर हजर झाला. खांद्यावर दोर, दोराला भली मोठी मोटार. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला होता, त्यावर पाणी मारायचं होतं, आणि त्यांचा बोअर आता मिनिटभर चालून बंद पडत होता. मी शाळेला निघाले होते. मी ओरडले, “अहो, ही मोटार लावली तर विहीर दोन दिवसांत रिकामी होईल!” ठेकेदार दारातून म्हणाले, “विहीर सगळ्यांची आहे ना मॅडम? तुम्हीच म्हणून राह्यल्या इतके दिवस.”

हे वाक्य माझंच होतं. मी शाळेची पिशवी कठड्यावर ठेवली.

सिस्टर घरातून आल्या. थेट पायऱ्या उतरू लागल्या. पाण्याच्या वरच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून त्या माणसाला म्हणाल्या, “सोड. माझ्या डोक्यावर सोड.”

माणूस दोर धरून तसाच. ठेकेदार धावत आले. “सिस्टर, वर या, तमाशा नका करू.”

“मोटार घरी न्या, येते वर.”

तेवढ्यात आमचं फाटक वाजलं. आत्याबाई, काठी टेकत. त्यांना बोअरचा केवढा अभिमान, त्यामुळं त्या कुणाच्या बाजूनं बोलणार याची मला धास्ती होती. त्या कठड्याला टेकल्या आणि ठेकेदारांना म्हणाल्या, “त्या बाईनं मला याच पायऱ्यांवरून उचलून आणलं. तिला काही झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसीन. रोज बसीन. मला दुसरं काम न्हाई.”

गल्ली दारादारांत उभी होती. ठेकेदारांनी माणसाला खूण केली, मोटार परत गेली. स्लॅबसाठी त्यांनी टँकर आणला. त्यानंतर दोन महिने ते आमच्यापैकी कुणाशी बोलले नाहीत, आणि ते दोन महिने फार सुखाचे गेले.

मी पायऱ्या उतरून सिस्टरना हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला. “उतरताना काही वाटलं न्हाई,” त्या म्हणाल्या, “आता चढायचं कसं ते कळंना.” आम्ही दोन पायऱ्या चढलो, थांबलो, परत दोन चढलो. मला शाळेला अर्धा तास उशीर झाला आणि हेडसरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती.

आता विहीर होळीपर्यंत पुरते. पूर्वी उन्हाळाभर पुरायची, आमच्या बोअरच्या वर्षी फेब्रुवारीतच तिनं तळ गाठला होता. होळीनंतर सिस्टर टँकरवाल्याकडून पाणी घेतात, आमच्याकडून नाही. आमचा बोअर पहिल्या वर्षी दोन तास चालायचा, आता वीस मिनिटं. नवरा म्हणतो, अजून दोनशे फूट खाली गेलो तर मोठा झरा लागेल. मी म्हणते, मशीन दारात आलं तर मी माहेरी जाईन. तो म्हणतो, मागच्या वेळी माहेरी गेलीस तेव्हाच मशीन आलं होतं. आत्याबाई हसतात. मला अजून हसू येत नाही.

बाकीच्या आठ घरांत मी दर मे महिन्यात जाते, छतं जोडा म्हणून सांगायला. सगळीकडं चहा मिळतो. “बिलकुल जोडू मॅडम, यंदा नक्की,” असं सगळे म्हणतात, ठेकेदारांच्या सूनबाईसुद्धा. यंदा समोरच्या घरानं खरंच पाईप आणलाय. जून उलटून गेला, जुलै चालू आहे. पाईप त्यांच्या गच्चीवर आडवा पडून आहे आणि त्यांनी त्यावर गोधड्या वाळत घातल्या आहेत.